सोडण्यासाठी बांधलेले शिसे

ऑगस्ट २०२५ मध्ये ‘नोतील’ या फ्रेंच यानातून दोन भारतीय उत्तर अटलांटिकच्या खोल पाण्यात उतरले. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेचे रमेश ४०२५ मीटरपर्यंत गेले आणि निवृत्त नौदल अधिकारी जतिंदर पाल सिंग ५००२ मीटरपर्यंत. आपल्या ‘समुद्रयान’ मोहिमेच्या तयारीतला हा टप्पा होता. वृत्तपत्रांनी खोलीचे आकडे ठळक छापले, आणि ते योग्यच होते. परंतु ही माणसे परत वर कशी आली, याविषयी कोठे फारसे वाचायला मिळाले नाही. खोल समुद्रातली याने वर येताना इंजिनाच्या जोरावर चढत नाहीत. जाताना वजन घेऊन जातात, आणि परतताना ते वजन समुद्रात सोडून देतात. वजन सुटले नाही तर परतीची वाट बंद.

हीच अडचण छोट्या प्रमाणात प्रत्येक स्कूबा पाणबुड्याच्या कमरेशी असते. त्याच्या जाकिटाला दोन खिसे असतात, त्यांत शिसे असते. या खिशांवर कितपत भरवसा ठेवावा, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. त्याचा इतिहास मात्र बराच मागे जातो, आणि त्याची सुरुवात आपल्याच किनाऱ्यावरून करता येते.

मन्नारच्या आखातातले मोती काढणारे पाणबुडे दगडाच्या साहाय्याने तळ गाठत. दगडाला दोर, दोराला फास, फासात पाय. तळ गाठताच पाय फासातून काढायचा. होडीवरचा सोबती दगड वर ओढून घेई. शिंपल्या गोळा करून झाल्या की पाणबुड्या आपल्या दुसऱ्या दोराला हिसका देई आणि त्यालाही वर ओढले जाई. ग्रीक बेटांवरचे स्पंज काढणारेही सपाट दगड हातांत धरून असेच उतरत. या पद्धतीत वजन माणसाला बांधलेलेच नव्हते. पाय सैल सोडला की सुटका. ‘सुटले नाही तर काय’ ही शंका येथे जवळजवळ उद्भवतच नाही, आणि नको तेव्हा सुटले तरी एक खेप वाया जाण्यापलीकडे फारसे नुकसान नाही.

एकोणिसाव्या शतकात ऑगस्टस सीबे यांच्या तांब्याच्या शिरस्त्राणाने हे चित्र पालटले. छातीवर आणि पाठीवर प्रत्येकी सुमारे १८ किलो शिसे, शिवाय शिशाच्या तळव्यांचे जड बूट. हवेने फुगलेला पोशाख तळाशी टिकवायचा तर एवढे वजन हवेच. ते टाकून देण्याचा विचार मात्र कोणी करत नसे, कारण हवेची नळी आणि जीवनदोर वरच्या नावेला जोडलेले असत. उलट पायाचा एक बूट निसटला तर पोशाखातील हवा पायांकडे जाऊन माणूस उलटा होण्याची भीती. त्या काळी वजन घट्ट बसणे हीच सुरक्षितता होती.

१९४३ मध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी ‘अ‍ॅक्वा-लंग’ सिद्ध केले आणि वरच्या नावेशी असलेला दोर तुटला. माणूस मोकळा झाला, पण वर ओढणाराही उरला नाही. आता वजन स्वतःच सोडता आले पाहिजे होते. त्यासाठी कमरेचा पट्टा आला: शिशाचे ठोकळे ओवलेला आणि एका हाताने झटक्यात उघडणारे बकल असलेला. पट्टा सर्वांत शेवटी, इतर सर्व पट्ट्यांच्या वर बांधायचा, म्हणजे उघडताच तो कोठेही न अडकता खाली पडेल. सोडताना तो अंगापासून दूर धरायचा. हे नियम त्या पिढीने अक्षरशः हाताला शिकवले. बहुतेक पट्ट्यांचे बकल सारखेच असल्याने अनोळखी सोबत्याचा पट्टाही अंधारात उघडता येई.

याच सुमारास, १९५० च्या दशकाच्या आरंभी, ह्यू ब्रॅडनर या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने निओप्रीनचा पोशाख कल्पिला. (हे गृहस्थ त्याआधी अणुबॉम्ब प्रकल्पावर होते; आमच्या व्यवसायातली माणसे कोठे कोठे सापडतात!) निओप्रीन म्हणजे वायूच्या असंख्य बुडबुड्यांनी भरलेले रबर. ते ऊब देते, पण तरंगते, म्हणून शिसे वाढवावे लागते. बॉइलच्या नियमानुसार १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो आणि ३० मीटरवर चौपट. पृष्ठभागावर ५ किलोइतका वर ढकलणारा पोशाख ३० मीटरवर जेमतेम दीड किलोइतका ढकलेल. शिसे मात्र तेवढेच. ही तूट भरून काढायला हवा भरता येणारे जाकीट लागते. १९६० च्या दशकात फ्रान्समधील फेंझींचे गळ्यात घालायचे जाकीट आले, पुढच्या दशकात अंगभर बसणारी जाकिटे आली, आणि मग कोणीतरी विचारणारच होते की पट्टा वेगळा कशाला, शिसे जाकिटातच का ठेवू नये?

विचार वाजवी होता. खोलवर पोशाख दबला की पट्टा सैल होतो, फिरतो, बकल पाठीमागे जाते. कंबर दुखते ती निराळीच. जाकिटातल्या खिशांनी हे सारे सुटले. अमेरिकेतल्या आरंभीच्या एका रचनेत शिशाचे छर्रे पाठीवरच्या पेटीत भरत. पुढे बाजूचे ओढून काढण्याचे खिसे रूढ झाले, आणि येथून त्या खिशाच्या विश्वासार्हतेची कहाणी सुरू होते.

पहिले खिसे वेल्क्रोने अडकवत. वेल्क्रोचा गुण असा की पृष्ठभागाला समांतर ओढले तर तो चिवट आणि कडेने सोलला तर सहज सुटणारा. दिशा बदलली की ताकद बदलते. त्यात वाळू, धागे, मीठ साचते. नवा खिसा इतका घट्ट की थंडीने बधिर झालेल्या हाताने निघत नाही. काही वर्षांनी तोच इतका ढिला की डोके खाली करून सूर घेताना कधी गळून पडला ते कळत नाही. म्हणून प्लॅस्टिकची बकले, चिमटे, खटके आले. त्यांचा दोष वेगळा: खिसा पूर्ण आत बसला नाही तरी बसल्यासारखा दिसतो, आणि हातमोज्यातून ‘खट्’ हा आवाज जाणवत नाही. ओढण्याची मूठच हातात यावी आणि शिसे जागच्या जागी राहावे, अशाही तक्रारी झाल्या. मोठ्या उत्पादकांना खिसे बाजारातून परत मागवावे लागले. शिवाय एकाचा खिसा पुढे ओढायचा, दुसऱ्याचा वर, तिसऱ्याचा आधी दाबून मग बाहेर. पट्ट्याच्या काळात जी एक भाषा सर्वांना येत होती, ती येथे तुटली. माझ्या मते हा तोटा खटक्याच्या मोडतोडीहून मोठा आहे.

दोन्ही बाजूंचे परिणाम किती गंभीर, ते हिशेबाने पाहू. शिसे पाण्यात आपल्या वजनाच्या सुमारे ९ टक्केच गमावते, म्हणजे ४ किलोचा खिसा निसटला तर साडेतीन किलोहून अधिक भाराइतका जोर अचानक वरच्या दिशेने शिल्लक राहतो. माणूस वर सरकतो, पोशाखातील व जाकिटातील हवा फुगते, जोर आणखी वाढतो. मिनिटाला ९ मीटर ही आज शिकवली जाणारी चढण्याची मर्यादा तेव्हा पाळणे फार कठीण. सर्वांत धोक्याचे शेवटचे १० मीटर, कारण तेथे हवेचे आकारमान दुप्पट होते. त्यात नेहमीच्या ११ लिटरच्या सिलिंडरातील दोनएक किलो हवा तोवर श्वासावाटे संपलेली असते, म्हणजे माणूस आधीच हलका. श्वास रोखला तर फुप्फुस फाटते. न रोखला तरी रक्तात बुडबुडे होण्याचा धोका उरतोच.

आणि दुसरी बाजू: अपघातांच्या अभ्यासांत वारंवार आढळले आहे की मृत सापडलेल्या बहुसंख्य पाणबुड्यांच्या अंगावर वजने तशीच होती. त्यांतले कित्येक पृष्ठभागापर्यंत पोहोचून पुन्हा बुडाले होते. घाबरलेला माणूस नाकातोंडाशी झगडतो. कमरेचा खिसा त्याला आठवत नाही.

अभियंते अशा वेळी म्हणतील, बिघाड झाला तर सुरक्षित बाजूलाच होईल अशी रचना करा. आपल्या रेल्वेचा ब्रेक तसाच आहे: नळी फुटली की ब्रेक लागतो. समुद्रातले सर्वांत सुंदर उदाहरण ‘ट्रिएस्ट’चे. २३ जानेवारी १९६० रोजी झाक पिकार आणि डॉन वॉल्श त्या यानातून मारियाना गर्तेच्या तळाशी, सुमारे १०,९०० मीटरवर पोहोचले. यानाच्या टाकीत पाण्याहून हलके पेट्रोल होते, आणि ते दाबाखाली आकसत असल्याने तेथेही निओप्रीनसारखीच तूट पडत होती. वजन म्हणून सुमारे ९ टन लोखंडी छर्रे होते, आणि ते केवळ विद्युतचुंबकांनी धरले होते. वीज गेली की छर्रे आपोआप गळणार आणि यान वर येणार. ऑग्युस्त पिकार यांनी बिघाडालाच परतीचे तिकीट करून ठेवले होते.

हे जाकिटाला का जमू नये? कारण यानातली माणसे एका वातावरण दाबाच्या गोलात बसलेली असतात. यान कितीही वेगाने वर आले तरी त्यांच्या फुप्फुसांना त्याची खबर नसते. त्यांच्यासाठी ‘सुटणे’ ही सदैव सुरक्षित बाजू. स्कूबा पाणबुड्याचे शरीर मात्र पाण्याच्या दाबातच असते. पृष्ठभागावर त्याच्यासाठी सुटणे सुरक्षित, ३० मीटरवर धरणे सुरक्षित. सुरक्षित बाजूच खोलीप्रमाणे बदलते, म्हणून बिघाड कोणत्या बाजूला वळवावा याचे एकच उत्तर खिशाला देता येत नाही. खटका कडक करा, एक धोका घटतो, दुसरा वाढतो.

म्हणून जाणते पाणबुडे आज भरवसा विभागतात. मुळात शिसे आवश्यक तेवढेच घेतात, आणि नवख्यांच्या अंगावर ते बहुधा जास्तच असते. थोडे पट्ट्यावर, थोडे सुटणाऱ्या खिशांत, थोडे पाठीमागच्या न सुटणाऱ्या कप्प्यांत. एक खिसा गेला तर माणूस उधळू नये आणि एक हात चालला तरी तरंगण्यापुरते वजन टाकता यावे. सगळेच शिसे जाकिटात असले तर आणखी एक पेच असतो: पाण्यात जाकीट उतरवावे लागले, तर हवेचे सिलिंडर शिशासह खाली जाते आणि पोशाखातला माणूस वर.

तारकर्लीला किंवा अंदमानात हौसेने पहिल्यांदा उतरणाऱ्याला प्रशिक्षक धरून नेतो. त्याच्या वजनाची काळजी दुसरा कोणी घेतो. पुढे प्रमाणपत्र घेऊन भाड्याचे जाकीट चढवणाऱ्याने तरी काठावरच दोन्ही खिसे भरलेल्या शिशासह एकदा ओढून काढून पाहावेत, पुन्हा बसवावेत आणि सोबत्यालाही ओढायला लावावेत. वाचकांत पाणबुडे असतील तर एक विनंती: तुमच्या जाकिटाचा खिसा कोणत्या दिशेने ओढला की सुटतो, आणि तुमच्या सोबत्याचा कोणत्या, ते आठवून खाली लिहा.