पोलिओने घडवलेली विद्या

१/ अहिल्यानगर जिल्ह्यातील लोणी येथे आज फिजिओथेरपीचे महाविद्यालय आहे. भारतात या विद्येच्या शिक्षणाचा पाया मात्र मुलांच्या एका आजारामुळे घातला गेला : पोलिओ.

२/ पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतील, स्नायूंना चालना देणाऱ्या पेशी नष्ट करतो. एक स्नायू लुळा पडला की विरुद्ध बाजूचा ओढतच राहतो आणि सांधा वाकडा होतो. हे रोखण्यासाठी रोजचा व्यायाम, आधारपट्ट्या आणि कॅलिपर लागत. लस १९५५ मध्ये आली. तोवर बचावाचे साधनच नव्हते.

३/ मुंबईच्या फातिमा इस्माईल यांच्या लेकीला पोलिओ झाला. तिच्या उपचारांसाठी वणवण केलेल्या या आईने १९४७ मध्ये इतरांच्या मुलांसाठी उपचारकेंद्र उघडले. त्याच कार्यातून पुढे हाजी अली येथे मुलांचे अस्थिरोग रुग्णालय उभे राहिले.

४/ उपचार करणारे प्रशिक्षित हात मात्र अपुरे होते. १९५३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने मुंबईच्या केईएम रुग्णालयात देशातील पहिली फिजिओथेरपी शाळा सुरू झाली.

५/ २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त घोषित झाला. विद्या मात्र उरली. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला शाळेच्या पायऱ्या चढता याव्यात, म्हणून आजही तिचाच आधार घेतला जातो.