दुचाकीचे पुढचे चाक : एका जुन्या प्रश्नाची कहाणी

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या दारात किंवा गल्लीत उभ्या असलेल्या मोटारसायकलचे पुढचे चाक तुम्ही कधी निरखून पाहिले आहे काय? हँडलपासून दोन चकचकीत नळ्या खाली उतरतात आणि त्यांच्या टोकांमध्ये चाक बसवलेले असते. खड्डा आला की या नळ्या एकमेकींत सरकतात, आतले तेल आणि स्प्रिंग धक्का सोसतात. यालाच टेलिस्कोपिक फोर्क म्हणतात. ऑइल सील गळू लागले की आपण गाडी मिस्त्रीकडे नेतो तो हाच भाग. रस्त्यावरच्या बहुतेक मोटारसायकलींना तो असतो; म्हणून पुढचे चाक असेच बसवायचे असते, दुसरा मार्गच नाही, असे आपण धरून चालतो. वस्तुस्थिती तशी नाही. गेल्या शंभर वर्षांत अनेक बुद्धिमान माणसांनी या रचनेला आव्हान दिले. त्यांतील काहींना यश आले, बऱ्याचजणांना आले नाही. त्यांची हकिकत प्रत्येक विद्यार्थ्याने आणि पालकानेही जाणून घेण्याजोगी आहे.

प्रथम प्रश्न समजून घेऊ. पुढच्या चाकाला तीन कामे एकाच वेळी करावी लागतात. त्याने दिशा बदलली पाहिजे, खड्ड्याचा धक्का सोसला पाहिजे, आणि ब्रेक लावल्यावर सगळ्या वाहनाचा पुढे येणारा भार झेलला पाहिजे. मोटारसायकलच्या आरंभीच्या काळात सायकलसारखाच ताठ फोर्क असे. पुढे गर्डर फोर्क आला. त्यात साराच फोर्क लहान दुव्यांवर वरखाली होई आणि त्याला स्प्रिंग जोडलेली असे. १९३५ साली जर्मनीच्या बी.एम.डब्ल्यू. कंपनीने आपल्या आर १२ आणि आर १७ या गाड्यांना तेलाने धक्का शमवणारा टेलिस्कोपिक फोर्क बसवला. हा फोर्क साधा, सुटसुटीत आणि दिसायला नेटका होता. दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर त्याचा प्रसार झाला.

परंतु त्यात एक मूळचाच दोष आहे. तिन्ही कामे त्या दोन नळ्यांनाच करावी लागतात. तुम्ही जोराने ब्रेक दाबलात की भार पुढे येतो, फोर्क आत दबतो आणि गाडी नाक खाली घालते. त्यामुळे दोन चाकांमधील अंतर कमी होते, फोर्कचा तिरपेपणा बदलतो, आणि स्प्रिंगची बरीच जागा ब्रेकनेच खाऊन टाकलेली असते. नेमका त्याच वेळी खड्डा आला तर तो गिळायला स्प्रिंगपाशी फारसे काही उरत नाही. शिवाय नळ्या लांब असून त्यांना आधार फक्त वरच्या टोकाला असतो. खालून मागे ढकलणारा जोर आला की त्या किंचित वाकतात आणि वाकलेली नळी दुसऱ्या नळीत मोकळेपणी सरकत नाही. ज्या क्षणी चाकाने सर्वांत चांगले काम करावे, त्याच क्षणी त्याच्यापुढे अडचण उभी राहते.

हा दोष हेरणारे लोक पहिल्यापासून होते. टेलिस्कोपिक फोर्क रूढ होण्याच्याही आधी, १९२१ च्या सुमारास, अमेरिकेत कार्ल नेराकर यांनी नेर-अ-कार नावाचे वाहन काढले. त्याच्या पुढच्या चाकाला फोर्कच नव्हता. चाकाच्या मधल्या पोकळ हबमध्येच एक खुंटी होती आणि चाक त्या खुंटीभोवती डावीउजवीकडे वळे. यालाच पुढे हबमधील सुकाणू म्हणू लागले. हे वाहन ठेंगणे आणि स्थिर होते. इंग्लंडमध्येही ते परवान्याने तयार झाले. १९२० च्या दशकातच त्याचे उत्पादन थांबले, पण कल्पना मागे राहिली.

दुसरे उदाहरण आपल्या घराजवळचे आहे. १९४६ साली इटलीत वेस्पा स्कूटर बाजारात आली. तिचे रचनाकार कोर्रादिनो दास्कानियो हे विमानशास्त्राचे अभियंता. त्यांनी हेलिकॉप्टरवर काम केलेले होते. मोटारसायकल त्यांना फारशी आवडत नसे, म्हणून तिच्यातील रूढी पाळण्याची त्यांना गरजही वाटली नाही. विमानाचे चाक जसे एकाच दांड्यावर असते, तसे त्यांनी वेस्पाचे पुढचे चाक एकाच बाजूने धरले. चाक पंक्चर झाले की ते मोटारीच्या चाकाप्रमाणे नट काढून बदलता येऊ लागले. १९६० च्या दशकात बजाज कंपनीने पियाज्जोच्या परवान्याने हीच स्कूटर आपल्याकडे बनवली, आणि परवाना संपल्यावर १९७२ पासून पुण्याजवळच्या आकुर्डीची चेतक घरोघरी पोहोचली. स्टेपनी लावलेल्या त्या स्कूटरवर अख्खे कुटुंब बसून जाताना आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होते, की आपण मोटारसायकलच्या रूढ रचनेला दिलेल्या एका उत्तरावरच बसलो आहोत!

तिसरे नाव इंग्लंडचे अर्नेस्ट अर्ल्स यांचे. त्यांच्या फोर्कमध्ये चाक एका आडव्या हलत्या हातावर बसवलेले असे आणि त्या हाताची बिजागरी चाकाच्या मागे असे. ब्रेक लावला की गाडी नाक खाली घालण्याऐवजी पुढून किंचित वर उचलली जाई. टेलिस्कोपिक फोर्क पुढे आणणाऱ्या बी.एम.डब्ल्यू. कंपनीनेच १९५५ पासून १९६९ पर्यंत आपल्या गाड्यांना हा अर्ल्स फोर्क बसवला. साइडकार जोडलेल्या गाडीला तो विशेष मानवे. मात्र तो जड होता, आणि पुढे कंपनी पुन्हा टेलिस्कोपिक फोर्ककडे वळली.

यानंतरचा प्रयत्न शर्यतीच्या मैदानावर झाला. फ्रान्समध्ये आंद्रे द कोर्तांझ या मोटारींच्या अभियंत्याने एल्फ या तेल कंपनीच्या पाठबळावर १९७८ साली एक मोटारसायकल पुढे आणली. मोटारीच्या चाकांना जसे हलते हात असतात तसे तिच्या चाकांना होते. पुढच्या दहा वर्षांत एल्फच्या अनेक गाड्या निघाल्या. इंग्लंडचा रॉन हॅस्लम १९८७ च्या ५०० सीसी जागतिक स्पर्धेत चौथा आला. त्या वर्षी त्याने काही शर्यती एल्फवर तर काही नेहमीच्या फोर्कच्या होंडावर केल्या. परंतु ५०० सीसीची एकही ग्रांप्री एल्फला जिंकता आली नाही. १९८८ नंतर हा उपक्रम बंद झाला. तो वाया गेला असे मात्र म्हणता येणार नाही. मिस्त्री ज्याला मागचा चिमटा म्हणतात, तो एकाच बाजूचा करण्याची एल्फची रचना होंडाने उचलली आणि आपल्या नामांकित गाड्यांवर वापरली. मुख्य प्रश्न सुटला नाही, तरी त्या शोधात दुसरे एक उत्तर हाती लागले.

आता एका विद्यार्थ्याची हकिकत सांगतो. इटलीतील बोलोन्या विद्यापीठ हे युरोपातील सर्वांत जुन्या विद्यापीठांपैकी एक. तेथे पिएर्लुईजी मार्कोनी नावाचा तरुण अभियांत्रिकी शिकत होता. पदवीच्या प्रबंधासाठी त्याने हबमधून वळणाऱ्या चाकाच्या मोटारसायकलचा विषय घेतला. रिमिनी शहरातील बिमोटा ही छोटी कंपनी त्याच्या मागे उभी राहिली. पहिल्या नमुन्यांत हँडल आणि चाक यांच्यामध्ये सरळ दांडाच नव्हता. तेलाच्या दाबाने चाक वळवायचे होते. ते नीट जमले नाही. वळवण्याची जाणीव चालवणाऱ्याच्या हाताला मिळेना. तेव्हा ती पद्धत सोडून दांड्यांची जोडणी घेतली. अनेक वर्षे असे दुरुस्त करता करता १९९० च्या सुमारास दुकाती इंजिनाची गाडी विक्रीस आली. तिचे नाव ठेवले तेझी. इटालियन भाषेत तेझी म्हणजे प्रबंध! आपल्याकडे किती प्रबंध परीक्षा झाल्यावर कपाटात पडून राहतात! येथे मात्र एका विद्यार्थ्याचा प्रबंध रस्त्यावर धावू लागला. पुढे बिमोटावर आर्थिक संकटे आली, मालकी बदलली. तरी २०१९ साली कावासाकीने भागीदारी घेतल्यावर तेझी हे नाव पुन्हा नव्या गाडीवर आले.

१९९३ साली यामाहासारख्या मोठ्या कंपनीनेही हे धाडस केले. अमेरिकेचे जेम्स पार्कर यांच्या रचनेवर आधारलेली जी.टी.एस. १००० ही गाडी तिने काढली. पुढचे चाक एकाच बाजूच्या हातावर होते. ब्रेक लावताना गाडी स्थिर राही. परंतु ती महाग पडली, जड वाटली, आणि ग्राहकांनी पाठ फिरवली. चांगली रचना बाजारात यशस्वी होतेच असे नाही. अधिक सांधे म्हणजे अधिक खर्च. सांधे झिजले की हँडलला ढिलेपणा येतो. आणि चाक फार वळवता येत नसल्याने अरुंद जागेत गाडी फिरवणे अवघड जाते. टेलिस्कोपिक फोर्क टिकून राहिला तो लोक आळशी होते म्हणून नव्हे. तो स्वस्त आहे, हलका आहे, कोठेही दुरुस्त होतो, आणि अभियंत्यांनी त्याचे दोषही पुष्कळ कमी करत आणले आहेत. विरुद्ध बाजूचे हे म्हणणेही न्यायाने मांडले पाहिजे.

नॉर्मन होसॅक यांची गोष्ट मनाला लागणारी आहे. त्यांनी मॅक्लारेन या शर्यतीच्या मोटारींच्या कंपनीत काम केले होते. मोटारीच्या चाकाला वर एक व खाली एक असे दोन हात असतात, हे त्यांच्या रोजच्या पाहण्यातले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी तीच रचना मोटारसायकलला लावली. चाक एका उभ्या फोर्कमध्ये, पण तो फोर्क ताठ. वरखाली होण्याचे काम दोन हातांवर सोपवलेले. त्यामुळे वळवणे एकाकडे आणि धक्का सोसणे दुसऱ्याकडे अशी कामाची वाटणी झाली. त्यांच्या गाड्या इंग्लंडमधील क्लबच्या शर्यतींत चमकल्या, परंतु एकही मोठी कंपनी पुढे आली नाही. काळाच्या ओघात त्यांचे पेटंट संपुष्टात आले. २००४ साली बी.एम.डब्ल्यू. कंपनीने के १२०० एस ही गाडी काढली. तिच्या पुढच्या चाकाची रचना होसॅक यांच्याच तत्त्वावर होती. तिला ड्युओलिव्हर असे नाव मिळाले. पेटंट उरले नसल्याने होसॅक यांना त्याचा मोबदला मिळाला नाही. २०१८ च्या होंडा गोल्डविंग गाडीलाही वरखाली दोन हातांचीच रचना आली. शोध लावण्याइतकेच त्याचे कागदोपत्री रक्षण करणे महत्त्वाचे असते. तंत्रशिक्षण घेणाऱ्या आपल्या मुलांना पेटंटचा कायदाही शिकवला पाहिजे, तो यासाठीच.

शेवटी न्यूझीलंडच्या जॉन ब्रिटन यांच्याविषयी. १९५० साली क्राइस्टचर्च येथे जन्मलेल्या या मुलाला वाचनाची अडचण होती. अक्षरे डोळ्यांपुढे नीट जुळत नसत. या अवस्थेला डिस्लेक्सिया म्हणतात. त्यांनी चार वर्षांचा यांत्रिकी अभ्यासक्रम पूर्ण केला, आराखडे काढण्याची आणि साचे बनवण्याची नोकरी केली, काही काळ काचेचे शोभिवंत दिवेही बनवले. मग घराच्या आवारात मोजक्या मित्रांना घेऊन त्यांनी मोटारसायकल बनवायला घेतली. तारा वाकवून आणि डिंकाने चिकटवून त्यांनी तिचा आकार ठरवला. इंजिन स्वतःचे, चाके कार्बन तंतूंची, रेडिएटर सीटखाली, वेगळी फ्रेम जवळजवळ नाहीच. पुढच्या चाकाला टेलिस्कोपिक फोर्कऐवजी होसॅक यांच्यासारखी, हातांवर हलणारी कार्बनची रचना होती.

१९९२ साली अमेरिकेतील डेटोना येथे या गाडीने मोठ्या कारखान्याच्या दुकातीला मागे टाकले. पण विजय समोर दिसत असताना विजेच्या जोडणीतील एका किरकोळ बिघाडाने ती थांबली. १९९४ साली तिथेच ती जिंकली. १९९५ च्या सप्टेंबरमध्ये अवघ्या ४५ व्या वर्षी कर्करोगाने ब्रिटन यांचे निधन झाले. अशा गाड्या एकंदर दहाच बनल्या, आणि आज त्या संग्रहालयांत व शौकिनांकडे जपून ठेवल्या जातात.

पालकांनी या ठिकाणी क्षणभर थांबावे. वाचनात मागे पडणाऱ्या मुलाला आपण किती लवकर ढ ठरवतो! त्याचा हात यंत्रावर चांगला चालतो, हे शेजारचा मिस्त्री ओळखतो, पण प्रगतिपुस्तकात त्यासाठी रकाना नसतो. ब्रिटन यांना शिक्षण नको होते असे नव्हे. अडचणीतूनही त्यांनी अभ्यासक्रम पुरा केला, म्हणूनच हातातल्या हुन्नरीला गणिताची आणि धातुशास्त्राची जोड मिळाली. गॅरेजमध्ये रमणाऱ्या मुलाला शाळेतून काढू नका, आणि शाळेत शिकणाऱ्याला गॅरेजमध्ये जायला मनाई करू नका.

आणि विद्यार्थी मित्रांनो, एवढे ध्यानात ठेवा. या कहाणीतील कोणीही आधीची रचना न समजता तिला नावे ठेवली नाहीत. टेलिस्कोपिक फोर्क का चालतो आणि कोठे अडतो, हे त्यांनी प्रथम नीट शिकून घेतले, आणि मगच दुसरे काही करून पाहिले. आता पुढच्या वेळी गाडीचा ब्रेक दाबाल तेव्हा तिचे नाक खाली जाते ते पाहा, आणि असे का होते हे घरातल्या लहान भावंडाला समजावून सांगा.