बाल्यकालीन मानसिक आघात (रायगड जिल्ह्यातील पेण-रोहा परिसराच्या संदर्भात)

वाढत्या वयात सहनशक्तीपलीकडची भीती, मारहाण, लैंगिक अत्याचार, दुर्लक्ष किंवा आईबापांचा वियोग वाट्याला आल्याने मन व मेंदू यांवर दीर्घकाळ राहणारा परिणाम. एका घटनेचा आघात आणि रोज सोसावा लागणारा आघात यांत फरक करावा लागतो. आयसीडी-११ या जागतिक रोगवर्गीकरणात (लागू : १ जानेवारी २०२२) जटिल आघातोत्तर तणावविकृती हे निदान वेगळे दिले आहे, दीर्घकाळच्या किंवा वारंवारच्या आघातानंतर ते अधिक आढळते.

पहिल्या प्रकारची घटना रायगडकरांना सांगावी लागत नाही. पेणच्या शेजारच्या खालापूर तालुक्यात १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले. दुसऱ्या प्रकाराची मात्र बातमी होत नाही. पेण व रोहा तालुक्यांतल्या वाड्यांमधली अनेक कातकरी आदिवासी कुटुंबे बयाणा (आगाऊ रक्कम) घेऊन दिवाळीनंतर वीट व कोळसा भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुलांची शाळा सुटते, झोप व जेवण अनियमित होते. तरीही स्थलांतर म्हणजेच आघात, असे समीकरण मांडणे चुकीचे ठरेल : भट्टीवर मूल निदान आईजवळ असते. मूल मागे निवासी आश्रमशाळेत ठेवले तर ताट वेळेवर मिळते, पण सहाव्या वर्षी आई दुरावते. कोणते बरे, याचे सरसकट उत्तर नाही. मुलाला ओळखणारे, रोज भेटणारे एक तरी मोठे माणूस आहे का, हा प्रश्न अधिक उपयोगाचा.

धोका जाणवताच मेंदूतील अमिग्डला शरीराला सावध करते आणि कॉर्टिसॉल हे संप्रेरक स्रवते. धोका टळत नसेल तर ही यंत्रणा अतिसंवेदनशील होऊ शकते. दार आपटले तरी मूल दचकते, किंवा उलट, बधिर होऊन बसते. भावनांना आवर घालणारा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स पंचविशीपर्यंत पक्व होत राहतो, म्हणून लहानपणीचा ताण त्याला भोवतो, आणि म्हणूनच सुधारणेलाही वाव उरतो. बुखारेस्टमधील अनाथालयांतल्या १३६ मुलांवरील अभ्यासात, वयाच्या साधारण दोन वर्षांच्या आत पालक-कुटुंबात (सांभाळ करणाऱ्या दुसऱ्या कुटुंबात) गेलेल्या मुलांमध्ये जिव्हाळ्याचे बंध अधिक चांगले जुळले. अमेरिकेतील फेलिटी व आंडा यांच्या १९९८ च्या अभ्यासाने बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांचा संबंध प्रौढपणीच्या आजारांशी दाखवला. मात्र हे निष्कर्ष समूहाचे. त्यावरून एखाद्या मुलाचे भविष्य वर्तवू नये.

उपचारात आधी सुरक्षितता, मग आठवणींवर काम. दुर्घटनेनंतर लगेच मुलाकडून सगळे वदवून घेण्याचा आग्रह धरू नये. मदतीला आलेली माणसे आणि कॅमेरेवाले नेमके तेच करतात. लक्षणे टिकून राहिल्यास आघात-केंद्रित बोधात्मक वर्तनोपचार आणि डोळ्यांच्या हालचालींवर आधारित ईएमडीआर या दोन पद्धतींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये केली. मदतीसाठी टेलि-मानस (१४४१६) व चाइल्डलाइन (१०९८) या दूरध्वनी सेवा आहेत. वर्तनोपचाराला आठवड्याला एक याप्रमाणे साधारण १२ ते १६ बैठका लागतात. भट्टीवर जाणाऱ्या मुलासाठी त्या जून ते ऑक्टोबर या, कुटुंब वाडीवर असतानाच्या महिन्यांतच पुऱ्या होऊ शकतात, तेही भाताच्या लावणी-कापणीच्या दिवसांशी जमवून घेऊन. त्यामुळे मुलाची पहिली तपासणी शाळा उघडल्याच्या पंधरवड्यातच व्हायला हवी.