नोकरी, संसार आणि चित्रपटसमीक्षा : आणे पठारावरून पाहिलेला एक इतिहास

मराठी चित्रपटसमीक्षेचा इतिहास लिहिताना अभ्यासक बहुधा वृत्तपत्रांतील सदरे, नियतकालिके आणि ग्रंथ यांची नोंद घेतात. ते लेखन करणाऱ्या माणसांचे पोट कशावर चालत होते, लग्न, बदली, अपत्यजन्म, संप किंवा सेवानिवृत्ती यांचा त्यांच्या लेखनावर कोणता परिणाम झाला, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वास्तविक या समीक्षेचा मोठा आणि टिकाऊ भाग अशा लोकांनी घडवला आहे की ज्यांच्यासाठी चित्रपट पाहणे, त्यावर विचार करणे आणि लिहिणे हा उपजीविकेबाहेरचा छंद होता, आणि म्हणून तो छंद संसाराच्या वेळापत्रकात कसा बसवला गेला हे समजल्याशिवाय त्या समीक्षेचे स्वरूपही पुरते समजत नाही. हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या चित्रपटगृहांतून न पाहता जुन्नर तालुक्याच्या पूर्व टोकावरून पाहिला, तर त्याची एक बाजू अधिक स्पष्ट होते.

आणे हे गाव कल्याण-अहिल्यानगर मार्गावर, आळेफाट्याच्या पूर्वेला, घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या पठारावर वसले आहे. तालुक्याचा पश्चिम भाग सह्याद्रीला टेकलेला आणि भरपूर पावसाचा, तर आणे पठार पर्जन्यछायेतील, म्हणजे डोंगरांनी पावसाचे ढग अडवल्यामुळे कोरड्या राहिलेल्या प्रदेशातील. त्यामुळे येथील जीवन पिकाच्या भरवशापेक्षा स्थलांतराच्या आधारावर अधिक उभे राहिले. रंगदास स्वामींची यात्रा आणि तिच्यातील आमटी-भाकरीचा महाप्रसाद ही या गावाची पंचक्रोशीतील ओळख आहे. अशा गावांत करमणुकीचा काळ वर्षभर पसरलेला नसे. तो यात्रेच्या दिवसांत एकवटलेला असे, आणि पाहणे, ऐकणे व त्यावर बोलणे या तिन्ही गोष्टींसाठी गावाने वेळ आधीच राखून ठेवलेला असे.

जुन्नर-आंबेगाव परिसरात कलेची पारख करण्याची जी जुनी रीत आहे, तिचे केंद्र नारायणगाव हे होय. तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांच्यामुळे या गावाचे नाव महाराष्ट्रभर झाले. पण समीक्षेच्या इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे ती येथे भरणारी तमाशाच्या राहुट्यांची पेठ. दसऱ्याला सुरू होणारा तमाशाचा हंगाम बुद्धपौर्णिमेपर्यंत चालतो आणि त्यातील चैत्र-वैशाखाच्या यात्रांसाठी गुढीपाडव्याच्या सुमारास गावोगावचे पंच नारायणगावला येऊन फडांना सुपारी देतात, म्हणजे ठरावीक रकमेवर ठरावीक तारखेचा खेळ पक्का करतात. कोणत्या फडाची गणगवळण रंगते, कोणाचा वग कसदार आहे, कोणता सोंगाड्या प्रेक्षकांना धरून ठेवतो, मागील वर्षी कोणी निराशा केली, याची चर्चा या व्यवहारात होत असते. हे पंच पेशाने शेतकरी, दुकानदार किंवा शिक्षक. समीक्षा हे त्यांच्यापैकी कोणाचेच उपजीविकेचे काम नव्हे. तरीही त्यांचा निर्णय गावाच्या वर्गणीशी बांधलेला असल्याने तो जबाबदारीने घ्यावा लागे, आणि निवड चुकली तर त्याचा जाब वर्षभर द्यावा लागे. या परंपरेला लिखित समीक्षेच्या पूर्वेतिहासात मानाचे स्थान मिळायला हवे.

चित्रपट ग्रामीण महाराष्ट्रात आला तोही याच यात्रांच्या वाटेने. फिरता चित्रपट, म्हणजे ट्रकवर प्रक्षेपक, जनरेटर आणि कनात लादून एका यात्रेकडून दुसऱ्या यात्रेकडे जाणारा खेळ, हा येथील ग्रामीण प्रेक्षकाचा दीर्घकाळचा शिक्षक होता. मुंबई राज्याच्या १९५३ च्या चित्रपटगृह नियमन कायद्याने स्थायी आणि फिरत्या अशा दोन्ही प्रकारच्या खेळांना परवाना आवश्यक केला होता. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी अनेक वर्षे महाराष्ट्रातील या तंबूंसोबत फिरून केलेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात गौरवला गेला, तेव्हा हा व्यवसाय अखेरच्या टप्प्यात होता. तंबूत पाहिलेल्या चित्रपटाची समीक्षा लिहिली जात नसे. ती पारावर, एसटीच्या थांब्यावर आणि शेतात बोलली जात असे, आणि पुढच्या यात्रेपर्यंत तोच एक चित्रपट पुन्हा पुन्हा तपासला जात असे. थोडे पाहून पुष्कळ विचार करण्याची ही सवय नंतरच्या मुबलकतेच्या काळात विरळ झाली, ही हानी लहान नाही.

स्थलांतराने या प्रेक्षकाचे वेळापत्रक बदलले. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील असंख्य माणसे भाजीबाजार, गोदी, डबे पोहोचवण्याचे काम आणि गिरण्या यांच्या आधाराने मुंबईत राहिली. गिरणगावात दिवस पाळ्यांनी विभागलेला असे, त्यामुळे चित्रपटाचा खेळ पाळीच्या हिशेबाने निवडला जाई. लालबागच्या भारतमाता चित्रपटगृहाने मराठी चित्रपटाला दीर्घकाळ जो कामगार प्रेक्षक मिळवून दिला, तो याच वस्तीतला होता. गावाकडे कुटुंब आणि शहरात खोली अशा दुहेरी संसारात पाळीनंतरचे तीन तास हे माणसाचे स्वतःचे असत, आणि तेही १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने अनेकांकडून हिरावून घेतले, कारण पगार थांबल्यावर हजारो कामगारांना गावाची वाट धरावी लागली. छंदाचा इतिहास हा अशा रीतीने मजुरीच्या इतिहासाशी जोडलेला असतो.

लिखित समीक्षेकडे वळल्यास आरंभीच एक गोष्ट लक्षात येते की भारतीय चित्रपटाविषयी मराठीत गंभीरपणे लिहिणाऱ्या पहिल्या व्यक्तींपैकी एक स्वतः चित्रपटकर्ता होता. दादासाहेब फाळके यांनी १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकात भारतीय चित्रपटाविषयी लेखमाला लिहिली, आणि तिच्यात व्यवसाय उभारताना झालेली घरची ओढाताण व पत्नी सरस्वतीबाईंचा वाटा हा विषय कलाविचारापासून वेगळा राहिला नाही. पुढे पालघर परिसरातील मासवण येथे जन्मलेल्या बाबूराव पटेल यांनी १९३५ मध्ये ‘फिल्मइंडिया’ हे इंग्रजी मासिक सुरू करून समीक्षेला पूर्णवेळ व्यवसायाचे रूप दिले. त्यांच्या आयुष्यातील प्रत्येक वळण त्या मासिकावर उमटले : गायिका सुशीलाराणी यांच्याशी सहजीवन सुरू झाल्यावर पटेलांनी त्यांना नायिका म्हणून घेऊन ‘द्रौपदी’ (१९४४) आणि ‘ग्वालन’ (१९४६) हे चित्रपट दिग्दर्शित केले, मासिकाच्या कामात सुशीलाराणींचा सहभाग वाढत गेला, आणि राजकारणाची ओढ प्रबळ झाल्यावर ते मासिक ‘मदर इंडिया’ या नावाने चित्रपटापासून दूर सरकले, १९६७ मध्ये पटेल लोकसभेवर निवडून गेले. मोगूबाई कुर्डीकरांकडे शिकलेल्या सुशीलाराणींना या काळात गायनाचा वेळ मासिकाच्या कामाबरोबर वाटून घ्यावा लागला. जिथे समीक्षा हाच व्यवसाय असतो तिथे घर आणि लेखन यांच्यातील सीमा पुसट होते, आणि त्याचे मोल घरातील दुसऱ्या व्यक्तीलाही द्यावे लागते, हे या उदाहरणातून दिसते.

छंद म्हणून होणाऱ्या समीक्षेला संस्थात्मक आधार मिळाला तो फिल्म सोसायट्यांमुळे. फिल्म सोसायटी म्हणजे वार्षिक वर्गणी भरणाऱ्या सभासदांसाठी निवडक चित्रपट दाखवून त्यावर चर्चा घडवणारे मंडळ. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या कलकत्ता फिल्म सोसायटीच्या संस्थापकांपैकी सत्यजित राय हे तेव्हा डी. जे. कीमर या जाहिरात संस्थेत चित्रकार म्हणून नोकरी करत होते. १९४९ मध्ये विवाह, १९५० मध्ये नोकरीनिमित्त पत्नीसह लंडनचे वास्तव्य आणि तिथे झपाट्याने पाहिलेले चित्रपट, आणि नोकरी सांभाळत सुट्ट्यांच्या दिवशी केलेले ‘पथेर पांचाली’चे चित्रीकरण, हा क्रम सुपरिचित आहे. १९५९ मध्ये फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया ही मध्यवर्ती संस्था झाली आणि राय तिचे अध्यक्ष झाले. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट आणि १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाल्यावर, विशेषतः संग्रहालयाचे पी. के. नायर आणि इन्स्टिट्यूटमधील रसास्वादाचे प्राध्यापक सतीश बहादूर यांच्या प्रयत्नांमुळे, जगातील श्रेष्ठ चित्रपटांच्या प्रती लहान शहरांपर्यंत पोहोचू लागल्या.

मुंबईत १९६८ मध्ये स्थापन झालेले प्रभात चित्र मंडळ हे या चळवळीचे मराठी रूप होय. सुधीर नांदगावकर, दिनकर गांगल आदी पत्रकार-कार्यकर्त्यांनी वाढवलेल्या या मंडळाने आपल्या ‘वास्तव रूपवाणी’ या नियतकालिकातून मराठी समीक्षेला हक्काची जागा दिली. या मंडळांचे चालणे वरकरणी रूक्ष वाटले तरी तेच येथे महत्त्वाचे आहे : चित्रपटाची प्रत वकिलातीकडून किंवा संग्रहालयाकडून मागवायची, सभागृह ठरवायचे, सभासदांना पत्राने तारीख कळवायची, खेळानंतर चर्चा करायची आणि प्रत वेळेत परत पाठवायची. खेळ केवळ सभासदांसाठी असल्याने परदेशी चित्रपट सेन्सॉरविना दाखवण्याची सवलत असे, आणि तिच्या आकर्षणाने आलेले कित्येक सभासद काही खेळांनंतर गळून पडत. पण जे टिकले त्यांच्यासाठी महिन्यातील ती संध्याकाळ घरातल्या सर्वांना ठाऊक असलेली, आधीच राखून ठेवलेली गोष्ट बनली. सुपारी देणाऱ्या पंचांना गुढीपाडवा जसा बंधनकारक होता, तशी कारकून, शिक्षक, अभियंता अशा सभासदांना ती तारीख बंधनकारक झाली. मूल लहान असले, बदली झाली किंवा घरात आजारपण असले तरी छंद जगवायला इतके पुरे होते. इन्स्टिट्यूट आणि संग्रहालय यांचा चार-पाच आठवड्यांचा रसास्वाद अभ्यासक्रमही उन्हाळ्यात भरवला जाई. शिक्षकाला सुट्टीत आणि नोकरदाराला साठवलेल्या रजेत तो करता येई.

या वातावरणातून जी लेखकपरंपरा घडली तिच्यातील काही नावे बोलकी आहेत. मुंबईतील इक्बाल मसूद हे आयकर खात्यातील अधिकारी असून इंग्रजीतील चित्रपटसमीक्षक म्हणून ओळखले गेले. नांदेडला बँकेत नोकरी केलेले विजय पाडळकर यांनी महानगरापासून दूर राहून जागतिक चित्रपटाचा अभ्यास केला, स्वेच्छानिवृत्तीनंतर पूर्णवेळ लेखनाला वाहून घेतले, आणि गुलजारांच्या चित्रपटांवरील ‘गंगा आये कहाँ से’ यासारखे ग्रंथ मराठीला दिले. गणेश मतकरी हे शिक्षणाने व पेशाने वास्तुरचनाकार. त्यांची चित्रपटविषयक पुस्तके तरुण मराठी वाचकाला जागतिक चित्रपटाकडे नेणारी ठरली. चित्रपटनिर्मितीच्या बाजूचे, पण पुणे जिल्ह्यातलेच उदाहरण डॉ. जब्बार पटेल यांचे आहे. दौंड येथे बालरोगतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करत असतानाच त्यांनी ‘सामना’ (१९७५) दिग्दर्शित केला, आणि पुढे पुण्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाची धुरा घेतली. दर शुक्रवारी प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटावर शनिवारी मत देणे हे नोकरदार संसारी माणसाला फार काळ झेपणारे काम नव्हे. त्याच्या हातून होणारे खरे कार्य म्हणजे निवडक कलाकृतींचा सावकाश अभ्यास, आणि मराठीतील चांगले चित्रपटग्रंथ बहुतांशी अशाच सावकाशीचे फळ आहेत. चित्रपटविषयक सर्वोत्तम पुस्तकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा अरुण खोपकरांचा ‘गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका’ हा ग्रंथ एकाच चित्रपटकर्त्याच्या तीन चित्रपटांवर दृष्टी रोखून लिहिला गेला आहे.

१९८० च्या दशकात व्हिडिओ कॅसेट, त्यानंतर केबल, तबकडी आणि अखेरीस मोबाइल यांनी चित्रपट घरात आणला. जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे उपग्रह दळणवळणाचे विक्रम भूकेंद्र १९७१ मध्येच उभे राहिले होते, परंतु तालुक्यातील सामान्य घरात परदेशी चित्रपट पोहोचायला आणखी काही दशके जावी लागली. चित्रपट सहज मिळू लागल्यावर अनेक सोसायट्या ओस पडल्या. आण्यासारख्या गावातील तरुणाला आज जपानी दिग्दर्शक कुरोसावा यांचे चित्रपट पाहण्यासाठी पुण्याला जावे लागत नाही, हे मोठेच कल्याण आहे. मात्र त्यासाठी पूर्वी जी वेळ ठरलेली होती, ती आता कोणीच ठरवत नाही. घरातल्या पडद्यावर केव्हाही पाहता येणारा चित्रपट घरातल्या प्रत्येक कामाशी स्पर्धा करतो, आणि लग्न, बाळंतपण किंवा आई-वडिलांचे म्हातारपण आले की प्रथम तोच मागे पडतो. स्त्रियांच्या बाबतीत ही अडचण दुप्पट आहे, कारण घरात असलेली स्त्री कामासाठी सदैव उपलब्ध मानली जाते; बाहेर भरणाऱ्या खेळाला जाण्याने तिला जी मोकळीक मिळे, ती घरातल्या पडद्याने दिली नाही.

एकट्याच्या निग्रहावर हा छंद फार काळ टिकत नाही. राहुट्यांच्या पेठेपासून फिल्म सोसायटीपर्यंत त्याला चौघांनी मिळून ठरवलेल्या तारखेने तारले आहे. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली सार्वजनिक ग्रंथालयांची व्यवस्था आहे, महाविद्यालयांत चित्रपट मंडळे काढण्यासाठी नांदगावकरांनी केलेल्या खटपटीचा अनुभव आहे, आणि जुन्नर, नारायणगाव, घोडेगाव व मंचर येथे शाळा-महाविद्यालयांची सभागृहेही आहेत. या तालुक्यांतील ग्रंथालयांनी आणि शिक्षकांनी महिन्यातील एक संध्याकाळ चित्रपटासाठी नेमून द्यावी, घरातील मुलाबाळांना सोबत आणण्याची मुभा ठेवावी, आणि चर्चेची नोंद एका वहीत लिहून ती ग्रंथालयातच जपावी.