आश्रिताची व्याख्या आणि राष्ट्राची सीमा : अमेरिकी आयकर कायद्यातील परदेशस्थ नातलग (१९१७–२०२५)

प्रस्तावना

कुटुंब कोणाला म्हणावे याविषयी राज्यसंस्थेची जी कल्पना असते, ती आयकराच्या कायद्यात आकड्यांच्या रूपाने नोंदलेली आढळते. करदात्यावर अवलंबून असलेल्या व्यक्तीस कायदा 'आश्रित' मानतो आणि तिच्या निर्वाहाचा भार लक्षात घेऊन करात सवलत देतो. परंतु ती व्यक्ती परदेशात राहत असेल तर? अमेरिकेच्या संदर्भात या प्रश्नाचा ऐतिहासिक आढावा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. अमेरिकेत नोकरीनिमित्त गेलेल्या आणि गावाकडील आईवडिलांना नियमितपणे पैसे पाठवणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांशीही हा विषय थेट निगडित आहे.

निर्वाह हाच निकष : १९१७ ते १९४३

सोळाव्या घटनादुरुस्तीनंतर १९१३ मध्ये अमेरिकेत आधुनिक आयकर सुरू झाला. अविवाहितास ३,००० डॉलर व विवाहितास ४,००० डॉलर इतके उत्पन्न करमुक्त होते. मुलांसाठी वेगळी तरतूद नव्हती. पहिल्या महायुद्धाच्या खर्चामुळे १९१७ मध्ये कर वाढला, करमुक्त मर्यादा खाली आली आणि त्याच वेळी प्रत्येक अवलंबून मुलामागे २०० डॉलरची सूट देण्यात आली. १९१८ च्या महसूल कायद्याने ही सूट मुलांपलीकडे नेली. अठरा वर्षांखालील अथवा स्वतःचा निर्वाह करण्यास असमर्थ असलेली आणि प्रामुख्याने करदात्याच्या आधारावर जगणारी कोणतीही व्यक्ती आश्रित ठरू लागली. १९२१ मध्ये ही रक्कम ४०० डॉलर झाली. या काळात व्याख्येचा गाभा निर्वाह हा होता.

येथे एक योगायोग नोंदवणे आवश्यक आहे. १९१७ मध्येच संमत झालेल्या स्थलांतर कायद्याने भारतासह आशियाच्या मोठ्या भूभागातून येणाऱ्या श्रमिकांना अमेरिकेची दारे बंद केली. त्यामुळे करकायद्यातील ही उदारता अनुभवण्यास भारतीय करदाते तेथे फारसे नव्हतेच.

सीमारेषेचा प्रवेश : १९४४

दुसऱ्या महायुद्धात आयकर सामान्य नोकरदारांपर्यंत पोहोचला. त्याची आकारणी सोपी करण्यासाठी १९४४ च्या वैयक्तिक आयकर कायद्याने माणशी ५०० डॉलरची समान सूट ठरवली. वयाची अट जाऊन आश्रित नातेवाइकांची यादी आली; तीत आईवडील, भावंडे, सासूसासरे यांचा समावेश होता. मात्र याच कायद्याने आणखी एक अट घातली. परकीय नागरिक असलेला नातलग अमेरिकेत अथवा तिच्या सीमेला लागून असलेल्या देशात राहत असेल तरच तो आश्रित मानला जाणार होता. कॅनडा व मेक्सिको यांना मुभा मिळाली. उर्वरित जग वगळले गेले. १९५४ च्या संहितेने ही अट कायम ठेवली व तिचा गाभा आजही तसाच आहे.

नव्या स्थलांतरितांची कोंडी

१९४६ च्या कायद्याने भारतीयांना वर्षाला केवळ १०० जागा दिल्या. खरा बदल १९६५ च्या स्थलांतर कायद्याने झाला. त्यानंतर डॉक्टर, अभियंते, संशोधक मोठ्या संख्येने गेले. त्यांच्यात महाराष्ट्रातील पदवीधरही होते. त्यांच्या उत्पन्नातील एक वाटा मायदेशी जात होता, परंतु करविवरणात त्याला स्थान नव्हते. अमेरिकेत जन्मलेले मूल पुण्यात आजीजवळ राहिले तरी नागरिकत्वामुळे ही अट पूर्ण करते. त्याच घरातील आजी मात्र पूर्णतः मुलाच्या पैशांवर जगत असली तरी ती पूर्ण करू शकत नाही.

एकविसाव्या वर्षानंतर अमेरिकी नागरिकाला आईवडिलांना कायमस्वरूपी बोलावता येते व ते तेथील रहिवासी झाल्यावर इतर अटींच्या अधीन राहून आश्रित ठरू शकतात. एच-१बी परवान्यावरील नोकरदारास मात्र जोडीदार व एकवीस वर्षांखालील मुले एवढेच कुटुंब सोबत नेता येते. म्हणजे त्याचे आईवडील त्याच्या परवान्यावर तेथे राहू शकत नाहीत आणि येथे राहिल्यास करासाठी त्याचे आश्रितही ठरत नाहीत.

भारतीय कायदा याच व्यक्तीकडे वेगळ्या दृष्टीने पाहतो. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानुसार स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या वृद्ध आईवडिलांना पोसणे हे अपत्याचे कर्तव्य आहे. २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा तर भारताबाहेर राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे. जे एका देशात कायदेशीर बंधन आहे, ते दुसऱ्या देशात केवळ खाजगी औदार्य ठरते.

पडताळणी आणि संकोच

पुढील काळात प्रश्न पुराव्याचा झाला. १९८६ च्या करसुधारणेने पाच वर्षांवरील आश्रितांचा सामाजिक सुरक्षा क्रमांक देणे बंधनकारक केले. १९८७ च्या विवरणांत आश्रितांची संख्या सुमारे ७० लाखांनी घटली. असा क्रमांक न मिळणाऱ्या परकीयांसाठी १९९६ मध्ये वेगळा करदाता क्रमांक आला. २०१७ मध्ये आश्रितामागील सूट ४,०५० डॉलर होती. त्या वर्षअखेरच्या कायद्याने २०१८ पासून ती शून्यावर आणली. मुलांखेरीज इतर आश्रितांसाठी ५०० डॉलरची करवजावट दिली गेली, परंतु केवळ कॅनडा वा मेक्सिकोतील वास्तव्याच्या आधारे आश्रित ठरणाऱ्यांना तीतून वगळण्यात आले. २०२५ च्या कायद्याने ही व्यवस्था कायम केली.

निष्कर्ष

१९१७–१८ मध्ये 'कोण कोणाला पोसतो' हा प्रश्न होता. १९४४ नंतर 'पोसला जाणारा कोठे राहतो' हा प्रश्न त्याच्या बरोबरीने आला आणि २०१७ नंतर सीमा अधिकच आखडली. परदेशातील निर्वाहाची शहानिशा करणे कठीण असते, ही राज्यसंस्थेची अडचण नाकारता येत नाही. तथापि पैसे पाठवण्याची नोंद आज बँकांकडे सहज उपलब्ध असते. त्यामुळे पडताळणीची अडचण हे एकमेव समर्थन आता पुरेसे ठरत नाही. उरतो तो नागरिकत्वाच्या कक्षेचा प्रश्न : करदात्याचे उत्पन्न राष्ट्राच्या हिशोबात धरायचे, तर त्याच उत्पन्नावर जगणारी माणसे त्या हिशोबाबाहेर का ठेवायची? उभय देशांतील करविषयक करार १९८९ मध्ये झाला व भारतीय विद्यार्थ्यांना प्रमाणित वजावटीचा लाभ मिळाला. परस्पर संमतीने अशी सवलत देता येते, हे त्यावरून स्पष्ट होते. वृद्ध मातापित्यांच्या निर्वाहाचाही विचार याच मार्गाने होऊ शकेल.