कॅनबरा : स्थाननिश्चिती
ऑस्ट्रेलियन संघराज्याची (स्थापना १९०१) राजधानी सिडनी की मेलबर्न, हा वाद संविधानाच्या १२५ व्या कलमाने तडजोडीने मिटविला. राजधानी न्यू साउथ वेल्स राज्यात, परंतु सिडनीपासून किमान १०० मैल (सु. १६१ किमी.) दूर असावी, असे ठरले. स्थळांच्या पाहणीत पाणीपुरवठा व थंड हवामान यांना विशेष महत्त्व होते. त्यानुसार १९०४ मध्ये संसदेने स्नोई नदीकाठचे डॅल्गेटी कायद्याने मुक्रर केले. पाण्याच्या दृष्टीने ते निःसंशय सरस होते. पण सिडनीहून फार दूर म्हणून न्यू साउथ वेल्सने त्यास कडवा विरोध केला. अखेर १९०८ च्या कायद्याने यास-कॅनबरा प्रदेश निवडला गेला. १९०९ मध्ये सर्वेक्षक चार्ल्स स्क्रिव्हनर यांनी नगराची नेमकी जागा सुचविली. पाण्यासाठी कॉटर नदीचे पाणलोट क्षेत्र राजधानी-प्रदेशात समाविष्ट करण्यात आले. तेथील मूळ रहिवासी न्गुन्नवाल लोकांचे मत मात्र कोणी विचारले नाही. संसद मेलबर्नहून येथे आली ती १९२७ मध्ये.