दुनायेत्स

दुनायेत्स : दक्षिण पोलंडमधील नदी, विस्तुलेची उजवीकडील उपनदी. लांबी सुमारे 250 किमी., पाणलोट क्षेत्र सुमारे 6,800 चौ. किमी.; त्याचा काही भाग स्लोव्हाकियात मोडतो. तात्रा पर्वताकडून येणारे काळा व पांढरा दुनायेत्स हे प्रवाह नोवी तार्ग येथे एकत्र येतात. पुढे नदी प्येनिनी डोंगररांग भेदते, काही अंतर दोन देशांची सरहद्द होते, पोप्राद या उपनदीचे पाणी घेऊन नोवी सोंचवरून उत्तरेला वळते व तार्नूफच्या पश्चिमेकडून विस्तुलेला मिळते.

नदी तापट. तिचे मोठे पूर बर्फ वितळल्यामुळे नव्हे, तर ऐन उन्हाळ्यात डोंगरावर कोसळणाऱ्या पावसाने येतात. जुलै 1934 च्या महापुरानंतर रोझ्नूफ धरण हाती घेण्यात आले. न्येजित्सा येथील मातीच्या धरणाला पर्यावरणवाद्यांचा कडवा विरोध होता, त्याच्या जलाशयासाठी मान्योवी हे गाव हलवावे लागले. पण जुलै 1997 मध्ये, ते कार्यान्वित होत असतानाच, आलेला पुराचा लोंढा त्याने अडवला आणि वादाची धार बोथट झाली. दोन्ही ठिकाणी वीज तयार होते. न्येजित्साचे केंद्र पाणी पुन्हा वर चढवून साठवणारे आहे. तार्नूफजवळचा मोश्चित्से येथील नत्रखत कारखानाही (1930) याच नदीच्या पाण्यावर उभा राहिला.

प्येनिनीतील घळईत त्शी कोरोनी (982 मी.) या चुनखडीच्या सुळक्यांखालून सरळ रेषेत जेमतेम तीन किमी.चे अंतर कापायला नदी वळणे घेत आठेक किमी. वाहते. येथील तराफ्यांची सफर एप्रिल ते ऑक्टोबर चालते. निमुळत्या लाकडी डोण्या शेजारी शेजारी दोरांनी बांधून तराफा करतात. पाणी आत उडू नये म्हणून पुढच्या टोकाला स्प्रूसच्या फांद्या खोचतात. भरतकाम केलेली निळी बंडी घातलेले दोन नावाडी (फ्लिसाक) बांबूसारख्या लांब काठ्यांनी तो ढकलत नेतात. स्रोमोव्त्सेहून श्चाव्नित्सा या खनिजझऱ्यांच्या गावापर्यंत 18 किमी.च्या प्रवासाला दोन तासांहून अधिक वेळ लागतो. नावाड्यांची संघटना 1934 पासूनची आहे. आता तराफ्याखालचे पाणी वरच्या धरणातून सोडले जाते, हे मात्र बहुतेक प्रवाशांच्या गावीही नसते.

न्येजित्साच्या धरणामागील चोर्श्तिन जलाशयात शिडाच्या होड्या व पोहणे चालते. नदीकाठाने जाणारा सायकलमार्ग झाकोपानेपासून सुरू होतो.